मुंबईजवळ नदीकाठाने, ऐतिहासिक वास्तूंजवळून जाणारे सपाट सायकलमार्ग सुचवावेत

माहीमकर५२

नमस्कार. मी आणि माझी १६ वर्षांची मुलगी गेले आठ महिने दर रविवारी पहाटे माहीमहून नरिमन पॉइंटपर्यंत सायकलने जाऊन येतो. आम्हा दोघांकडेही २५ मिलिमीटर टायरच्या रोड सायकली आहेत आणि ५० ते ६० किलोमीटर अंतर आता आम्हाला जड जात नाही. मुलीला इतिहासाची मनापासून आवड आहे, त्यामुळे आता शहराबाहेर, शक्यतो नदीच्या सोबतीने जाणारा आणि वाटेत एखादी जुनी वास्तू निवांत पाहता येईल असा रस्ता आम्ही शोधत आहोत. घाट नको आणि अवजड वाहनांची वर्दळ जितकी कमी तितके बरे. सायकली लोकलने नेण्याची आमची तयारी आहे. ज्यांनी स्वतः असे मार्ग केले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वसईची_वाडी

नमस्कार. आमच्या वसईपासूनच सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. उल्हास नदी ज्या खाडीने समुद्राला मिळते तिच्या मुखाशीच वसईचा किल्ला उभा आहे. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदरहून वसईला रो-रो (वाहनांसह प्रवासी नेणारी) बोट सुरू झाल्यामुळे सायकलसह खाडी ओलांडून किल्ल्याजवळच उतरता येते. मात्र निघण्याआधी त्या दिवसाच्या फेऱ्यांची खात्री करून घ्यावी.

किल्ल्यात दीड-दोन तास सहज जातात. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगिजांकडून जिंकला आणि १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी जो तह केला तोही वसईचाच. तटाच्या आत छप्पर उडालेली चर्चे आहेत. त्यांच्या भिंतींतून वडा-पिंपळाची मुळे उतरलेली आहेत आणि जमिनीवरच्या थडग्यांच्या शिळांवर पोर्तुगीज अक्षरे अजून बोटांनी चाचपता येतात. आपल्या मुलीला त्या शिळांपाशी थोडा वेळ जरूर द्यावा.

तिथून भुईगाव आणि निर्मळमार्गे सोपाऱ्याकडे जाणारा रस्ता जवळजवळ सपाट आहे. दोन्ही बाजूंना केळीच्या, फुलांच्या आणि पानवेलींच्या वाड्या लागतात, त्यामुळे सकाळी बराच वेळ सावली मिळते. सोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उत्खनन करून उजेडात आणला. त्याच वर्षी सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि पुढे १९५६ मध्ये नवव्या लेखाचा तुकडा भुईगावला सापडला. आठव्या लेखातला मजकूर आपल्या प्रश्नाशी जुळणारा आहे, कारण शिकारीच्या आणि करमणुकीच्या यात्रा सोडून राजा धम्मयात्रेला निघाला, लोकांना जाऊन भेटू लागला, असे त्यात कोरले आहे.

हा फेरा ३० किलोमीटरच्या आत संपतो. परतताना आगाशीची सुकेळी घ्यावीत. राजेळी केळी उन्हात वाळवून ती केली जातात आणि सायकल चालवताना त्यांच्याइतका सोपा खाऊ मला दुसरा सापडलेला नाही.

अधिक अंतर हवे असेल तर एखाद्या वेगळ्या रविवारी विरारहून शिरसाड, पारोळ, उसगावमार्गे वज्रेश्वरीला जावे. विरार स्थानकापासून देऊळ साधारण २७-२८ किलोमीटरवर आहे. एका अंगाला तुंगारेश्वराचे डोंगर आणि दुसरीकडे तानसा नदीचे खोरे अशी ती वाट आहे. वसई जिंकण्यासाठी चिमाजी अप्पांनी याच देवीला नवस बोलला होता आणि विजयानंतर हे देऊळ बांधले गेले, अशी परंपरा आहे. किल्ल्यासारख्या तटातून बावन्न पायऱ्या चढून वर जावे लागते. पुढे अकलोली आणि गणेशपुरीला तानसेच्या काठी गरम पाण्याची कुंडे आहेत.

कल्याण_ते_कर्जत

वसईच्या फेऱ्याबद्दल पूर्ण सहमत आहे, परंतु वज्रेश्वरीच्या मार्गाबाबत एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. विरार फाटा ते शिरसाड हा तुकडा मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून जातो. अंतर थोडेच असले तरी तिथे ट्रक आणि कंटेनर अगदी अंगाजवळून जातात. मागच्या हिवाळ्यात त्याच तुकड्यात माझे मागचे चाक दोनदा पंक्चर झाले. पहिल्या वेळी मी नुसती ट्यूब बदलली आणि पुढे निघालो, पण दहा मिनिटांत हवा पुन्हा गेली. टायर पूर्ण उलटा करून आतून बोट फिरवले तेव्हा केसासारखी बारीक पोलादी तार टोचली. फुटलेल्या ट्रकटायरांमधल्या अशा तारा महामार्गाच्या कडेला पडलेल्या असतात आणि बाहेरून त्या दिसतच नाहीत. त्या दिवसापासून मी भुवया काढण्याचा चिमटा पिशवीत ठेवतो.

मुलीला घेऊन पहिल्यांदाच शहराबाहेर पडत असाल तर मी कर्जत सुचवेन. सायकली लगेजच्या डब्यातून कर्जतपर्यंत न्याव्यात (लगेजच्या तिकिटाबद्दल स्थानकावर आधी विचारून घ्यावे) आणि तिथून कोंदिवड्याच्या रस्त्याला लागावे. हा रस्ता बराचसा उल्हास नदीच्या काठाने जातो. समोर राजमाचीचा डोंगर आणि बाजूला भातखाचरे असतात, शिवाय रविवारी सकाळी आठच्या आत वाहनेही फार नसतात. थोडे चढउतार आहेत, पण घाट नाही. रस्ता संपल्यावर सायकली ठेवून कोंढाणे लेण्यांपर्यंत पायी चढावे लागते. ही लेणी इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांतली आहेत. लाकडी कमानी, तुळया आणि जाळ्या जशा दिसतील तशाच दगडात कोरलेल्या आहेत. चैत्याच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाच्या, दर्शनी भागात डाव्या बाजूला एका भग्न मूर्तीच्या डोक्याजवळ ब्राह्मी लिपीतली एक ओळ आहे. कान्ह याचा शिष्य बालक याने हे केले, असा तिचा अर्थ आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराचे आणि त्याच्या गुरूचे नाव तिथे उभे राहून वाचता येते, म्हणून मी तिकडे पुन्हा पुन्हा जातो.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलीला आवडेल असे वाटते. राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी ही उल्हास नदी सुमारे १२२ किलोमीटर वाहत जाऊन वसईच्या किल्ल्यापाशीच समुद्राला मिळते. आधी कोंढाणे आणि नंतर वसई असा क्रम धरला तर एकाच नदीची दोन्ही टोके पाहून होतील. मधल्या टप्प्यात अंबरनाथचे शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चे शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. मंदिर अप्रतिम आहे, पण त्याच्या शेजारून वाहणाऱ्या वालधुनी नदीची आजची अवस्था पाहवत नाही आणि रस्त्यावर गर्दीही फार असते, म्हणून तिथे सायकलने न जाता लोकलने जावे.

पावसाळ्यात हा मार्ग टाळावा. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना सुखरूप बाहेर काढावे लागले होते. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम आहे. तेव्हा नदीला पाणी असते आणि खाचरे नुकतीच कापलेली असतात.

वसईची_वाडी

महामार्गाबद्दलची सूचना रास्त आहे. माझे रोजचे जाणे-येणे तिथूनच असल्यामुळे तो तुकडा मला सवयीचा झाला आहे आणि नवख्या माणसाच्या दृष्टीने मी विचार केला नाही. मुलीसोबत आधी कर्जतलाच जावे. टायर २५ ऐवजी २८ मिलिमीटरचे बसत असतील तर बसवून घ्यावेत, कारण गावातल्या रस्त्यांवर खडी सुटलेली असते.

माहीमकर५२

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. एकाच नदीची दोन टोके ही कल्पना मुलीने ऐकताक्षणी उचलून धरली आणि तिने वहीत उल्हासचा नकाशा काढायलाही घेतला आहे. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी कोंढाणे आणि दोन आठवड्यांनी वसई असे आम्ही ठरवले आहे. एकच शंका राहिली आहे. आमचे दोघांचेही बूट क्लीटचे, म्हणजे तळाला पेडलमध्ये अडकणारी खाच असलेले आहेत. ते घालून लेण्यांची वाट चढता येईल का आणि सायकली कुठे ठेवाव्यात?

कल्याण_ते_कर्जत

क्लीटचे बूट घालून मुळीच चढू नये. वाट दगडगोट्यांची आहे आणि त्यावर पाय हमखास घसरतो. साधे कॅनव्हासचे बूट पाठपिशवीत न्यावेत. सायकली गावात एखाद्या घरी रीतसर विचारून अंगणात लावाव्यात. मी नेहमी तसेच करतो आणि परत आल्यावर त्याच घरी पैसे देऊन जेवतो. सकाळी चढण्यापूर्वी सांगून ठेवले तर उतरेपर्यंत तांदळाची भाकरी आणि पिठले तयार असते.