मूलपेशींतील पॉलिकोम्ब प्रथिने : जनुके बंद करणे आणि जवळ आणणे

कुतूहल :
पॉलिकोम्ब प्रथिने भ्रूणीय मूलपेशींमध्ये (ज्यांपासून शरीरातील कोणतीही पेशी बनू शकते) विकासाची जनुके बंद ठेवतात, एवढे माहीत होते. हीच प्रथिने परस्परांपासून दूर असलेली जनुके केंद्रकात एकत्र आणतात, असे आता वाचले. हे एकच काम आहे, की एक दुसऱ्याचा परिणाम?

पेशीवेल्हाळ :
कामे दोन आहेत, आणि ती वेगळी करून दाखवता येतात. ही प्रथिने पीआरसी१ व पीआरसी२ अशा दोन संकुलांत, म्हणजे गटांत, काम करतात. डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांपैकी एच३च्या २७व्या लायसिनवर (एका अमिनो आम्लावर) पीआरसी२मधील ईझेडएच२ हे विकर मेथिल गट चढवते, तर पीआरसी१मधील रिंग१बी हे एच२ए या दुसऱ्या हिस्टोनच्या ११९व्या लायसिनवर युबिक्विटिन हे छोटे प्रथिन लावते. या झाल्या जनुके बंद ठेवण्याच्या खुणा. डीएनएची घडी घालून जनुके जवळ आणण्याचा भार मुख्यतः पीआरसी१वर असतो, कारण त्यातील पीएचसी या घटकाचे रेणू एकमेकांत अडकून साखळी धरतात. २०१० साली उंदराच्या मूलपेशींवर झालेला प्रयोग मला फार बोलका वाटतो : रिंग१बी काढून टाकल्यावर हॉक्स जनुकांचा (शरीराची मांडणी ठरवणाऱ्या जनुकांचा) पट्टा सैल पडला, परंतु युबिक्विटिन लावू न शकणारे रिंग१बी परत दिल्यावर तो पुन्हा आवळला गेला.

हॉक्स जनुकांचे चार समूह चार वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असूनही या पेशींत एकमेकांना भेटतात. रिंग१बी आणि त्याचे भावंड-प्रथिन रिंग१ए दोन्ही हटवल्यावर त्या भेटी मोडतात, हे २०१५ मध्ये दिसले.

सूक्ष्मदर्शी :
एक पुरवणी. डीएनएचे कोणते भाग एकमेकांजवळ आहेत हे मोजणाऱ्या हाय-सी पद्धतीतील नकाशा लाखो पेशींची सरासरी दाखवतो, त्यामुळे प्रत्येक पेशीत प्रत्येक क्षणी हे समूह चिकटलेलेच असतात, असे समजू नये. शिवाय कोहेसिन हे प्रथिन-संकुल हटवल्यावर पॉलिकोम्बच्या भेटी कमी न होता वाढतात, म्हणजे डीएनएचे फास ओढणारे कोहेसिन एरवी त्या सोडवत असावे.

कुतूहल :
मग बंदच ठेवायच्या जनुकांना जवळ आणून साधते काय?

पेशीवेल्हाळ :
प्रश्नातील ‘बंदच’ हा शब्द मला खटकतो, कारण यांतील बरीच जनुके पुढे उघडायची असतात. मेंदूच्या पुढील भागाशी संबंधित काही जनुकांपाशी त्यांचे दूरचे वर्धक (जनुक चालू करण्यास मदत करणारे डीएनएचे तुकडे) पीआरसी२मुळे आधीच येऊन थांबलेले असतात. पीआरसी२ नसेल तर ही जवळीक जाते, आणि विभेदनाच्या वेळी, म्हणजे मूलपेशी विशिष्ट प्रकारची पेशी बनताना, ती जनुके नीट सुरू होत नाहीत. जनुक गप्प ठेवणारे प्रथिनच येथे त्याच्या चालू होण्याची पूर्वतयारी करून ठेवते.