घर घेतलं आणि कपाटामागे ओल निघाली

नवंदार: जुनं घर घेतलं, नुकतेच राहायला आलो. काल कपाट सरकवलं तर मागच्या भिंतीचा रंग फुगलेला. बोट लावलं की पोपडा हातात येतो, खाली पांढरी भुकटी. ओल जमिनीपासून गुडघ्याच्या वर चढलीय. पलीकडे बाथरूम आहे. आधीच्या मालकांनी नेमकी हीच भिंत ताजी रंगवली होती, म्हणून जास्त जीव जळतो. रंगारी म्हणतो, खरवडून वॉटरप्रूफ रंग मारू. मारू देऊ का?

ओळंबा: ताई, आत्ता रंग अजिबात नको. मी घरदुरुस्तीची कामं करतो, हे नेहमी बघतो. ती भुकटी म्हणजे भिंतीतले क्षार. पाणी बाहेर येताना त्यांना घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. वर जाड रंग दिलात तर तेच क्षार तो आतून ढकलून काढतील.

आधी पाणी कुठलं ते शोधा. सगळे नळ बंद, फ्लशची टाकीसुद्धा. मीटरचा आकडा लिहा, दोन तासांनी परत बघा. (गच्चीवर टाकी असेल तर तिचा भरायचा नळ बंद करून पाण्याच्या पातळीवर खूण करा.) आकडा सरकला किंवा पातळी उतरली, तर नळाची लाइन गळतेय. नाही सरकला, तर बाथरूमची जाळी कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करून बोटभर पाणी २४ तास साठवा. भिंत आणखी ओली झाली तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. दोन्हीत काही निघालं नाही तर बहुधा जमिनीतून चढणारी ओल. ती सहसा मीटरभरावर थांबते.

कागदपत्र: फोडाफोडी करण्याआधी मोजपट्टी लावून फोटो काढा. विकणाऱ्यांना लेखी कळवा, फोनवर बोलणं झालं तरी. आणि करारात दोषांबद्दल काय लिहिलंय ते आजच वाचा.

नवंदार: नळ बंद असतानाही आकडा सरकला! फोटो, मेल झालं. प्लंबर उद्या येतोय. पाइप बदलला की लगेच प्लास्टर करू?

ओळंबा: नाही. फुगलेलं प्लास्टर विटेपर्यंत काढा आणि वाळू द्या. ढोबळ हिशेब, भिंतीच्या दर २५ मिमी जाडीला एक महिना. वेळ लागतो, पण हीच पायरी लोक गाळतात आणि वर्षभरात पुन्हा पोपडे. क्षार कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका, पाण्याबरोबर ते परत आत जातात. कपाट तोवर दुसऱ्या भिंतीला लावा.