मदत हवी आहे: पेसमेकरच्या जागेतून पाणी येतंय, सगळंच काढावं लागतं का?

नमस्कार. आम्ही देवगडजवळ राहतो. वडील (अण्णा) ७२ वर्षांचे, मधुमेह आहे. २०१६ मध्ये हार्ट ब्लॉकसाठी (ठोके फार मंद पडायचे) पेसमेकर बसवला. बॅटरी संपत आली म्हणून गेल्या डिसेंबरात मशीन बदललं, वायरी जुन्याच ठेवल्या. मार्चमध्ये मशीनवरची कातडी लाल, तुकतुकीत दिसायला लागली. आंब्याचे दिवस, अण्णा सकाळपासून कलमांत. घामाने सदरा घासत असेल म्हणून आम्हीच सोडून दिलं. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी लाली गेली, पंधरा दिवसांत परत आली. आता टाचणीच्या टोकाएवढं भोक पडून पिवळं पाणी येतंय. ताप नाही.

कोल्हापूरचे हृदयरोगतज्ज्ञ म्हणतात, मशीन आणि दोन्ही वायरी काढायच्या, त्याही मुंबईत. अण्णांचं एकच: "मशीन चलता हा मा? मगे काढूचा कित्याक?" मलाही तेच विचारायचंय. जोरदार इंजेक्शनं देऊन भागणार नाही का? आणि काढल्यावर हृदय चालणार कशावर?

खाडीपल्याड: मी कॅथलॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. पण नुसत्या औषधावर हे बरं झालेलं मी पाहिलेलं नाही. कालवं खडकाला धरतात तसे जंतू मशीनला आणि वायरींना चिकट थर करून धरतात. त्या थरात औषध धड शिरत नाही. वरची लाली जाते, मूळ आत राहतं. वायरी तिथूनच शिरेतून थेट हृदयात गेलेल्या असतात, म्हणजे जंतूंना वाट तयारच. ताप नाही म्हणून रक्त स्वच्छ असेलच असं नाही.

नवीन अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी) घ्यायला सांगा, निदान दोनदा. आणि कुणालाही तिथे सुई घालून पाणी काढू देऊ नका, त्यानेच जंतू आत जाऊ शकतात. इतक्या वर्षांच्या वायरी शिरेला आतून चिकटतात. त्या सोडवायला खास नळ्या, कधी लेझर लागतो, आणि शीर फाटलीच तर सर्जन शेजारी हवा. म्हणून मुंबई. थंडी वाजून ताप आला तर मात्र मुंबईची वाट न बघता जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा.

सुपारीबाग: सासूबाईंचं अगदी असंच झालं होतं. काढल्यावर मानेतून तात्पुरती वायर घालून बाहेरच्या मशीनवर ठेवलं. कल्चर तीन दिवस स्वच्छ आल्यावर नवीन मशीन उजव्या बाजूला बसवलं. ते मधले दिवस वाईट, पलंगावरून उठू देत नाहीत. अण्णांसारख्या माणसाला तोच खरा त्रास. पेसमेकरचं कार्ड आणि डिसेंबरचे कागद विसरू नका. महात्मा फुले योजनेचं आधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) विचारा: काढण्याचा खर्च बसतो का, नव्या मशीनचा बसतो का, दोन्ही वेगवेगळं विचारा. आमचा घोळ तिथेच झाला.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. कालवांचं अण्णांना सांगितलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "कोयतेशिवाय सुटनत नाय ती." मी ते होकार म्हणून धरलंय. उद्या सकाळी कोल्हापूरला फोन करून कल्चरचं विचारतो. कणकवलीहून सोमवारचं आरएसी मिळालंय, मे महिन्यात तेही नशीब. परळच्या आसपास दोन माणसांची पंधरा-वीस दिवस राहायची स्वस्त सोय कुणाला माहीत आहे का?