झूमधला पोलर बेअर सतत येरझारा घालतो, हे नॉर्मल आहे का?

चाफा
आम्ही सध्या युरोपात असतो, शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. रविवारी मुलांना घेऊन झूला गेलो होतो, ऊन मरणाचं, पारा तिशीच्या वर, आणि पोलर बेअर काँक्रीटच्या कडेने एकाच रेषेत जात होता, भिंतीपाशी पोचला की मानेला हिसका देऊन वळायचा, परत तेच, पंजाही दर वेळी त्याच जागी पडत होता. लोक म्हणे नाचतोय बघ, व्हिडिओ काढत होते. मुलीने विचारलं आई त्याला बाहेर जायचंय का, मला काही बोलताच येईना. हा आजार आहे का? आणि झू बरा की वाईट हे आपल्यासारख्याने ओळखायचं कसं?

गुरांचा_डॉक्टर
ताई, नाचत नव्हता तो. कोंडलेला प्राणी तीच हालचाल उगाच परत परत करत राहतो, ह्याला स्टिरिओटायपी म्हणतात, साखळीला बांधलेला हत्ती तासन्‌तास झुलतो ना, तोच प्रकार. २००३ साली 'नेचर' ह्या विज्ञान नियतकालिकात क्लब आणि मेसन ह्या दोघी संशोधकांचा पेपर आला होता, त्यात असं दिसलं की जो मांसाहारी प्राणी जंगलात जितका लांब फिरतो तितका तो पिंजऱ्यात जास्त येरझारा घालतो आणि त्याची पिल्लंही जास्त दगावतात. पोलर बेअरची झूमधली जागा त्याच्या जंगलातल्या लहानात लहान टापूच्या साधारण दहा लाखावा भाग भरते, म्हणजे बघा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क झूमधला गस नावाचा पोलर बेअर १९९४ च्या सुमारास हौदात तासन्‌तास आठाच्या आकड्यात पोहत राहायचा, मग ट्रेनरला बोलावलं, खाणं बर्फात गोठवून, लपवून द्यायला लागले, खेळणी दिली, तेव्हा ते कमी झालं. पूर्ण नाही गेलं.

फक्त एक, ही सवय लागली की पुढे जागा सुधारली तरी राहू शकते आणि जेवणाची वेळ जवळ आली की फेऱ्या वाढतात, त्यामुळे एकदा बघून निकाल देऊ नका. माती-गवत आहे का, लोकांच्या नजरेआड जायला आडोसा आहे का, पाणी नीट पोहण्याइतकं खोल आहे का, हे बघा. आडोसा नसेल तर मला तरी तो झू पटत नाही.

टँपिनीसकर
इथे सिंगापूरला इनुका होता, मुंबई-पुण्याहून आलेल्या कितीतरी पाहुण्यांनी बघितला असेल. २६ डिसेंबर १९९० ला जन्मलेला, उष्ण कटिबंधात जन्मलेला पहिला पोलर बेअर, तेव्हा केवढं कौतुक झालं होतं. पण इथली हवा म्हणजे बारा महिने मुंबईचा मे. २००४ मध्ये तो आणि त्याची आई शिबा चक्क हिरवे पडले, त्यांचे केस आतून पोकळ असतात त्यात शेवाळ धरलं. २०१३ ला एसीवाली नवीन जागा मिळाली, तोवर अर्ध्याहून जास्त आयुष्य सरलं होतं. शेवटी सांधे गेले, पंजांना आणि पोटाला जखमा झाल्या त्या भरेनात, २५ एप्रिल २०१८ ला भूल दिलेली असतानाच त्याला शांतपणे जाऊ दिलं. त्यानंतर झूने परत पोलर बेअर आणला नाही. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो, गरम देशात हा प्राणी ठेवूच नये.

रानभूल
मग सगळीकडचेच सोडून द्या ना आर्क्टिकमध्ये! कशाला कोंडायचं?

विनिपेगची_सून
@रानभूल, तळमळ कळते, पण झूत जन्मलेला पोलर बेअर सोडला तर उपाशी मरेल हो. बर्फावर सीलची शिकार आईच शिकवते, पिल्लं दोन-अडीच वर्षं तिच्याबरोबर असतात. आमच्या इथे कॅनडात, विनिपेगच्या असिनिबॉइन पार्क झूमध्ये बरेच बेअर उत्तरेकडच्या चर्चिल गावाच्या बाजूचे आहेत, आई गेलेली पिल्लं किंवा गावात सारखे शिरणारे. आमच्या मॅनिटोबा प्रांतात २००२ पासून कायदाच आहे, कोणाला बेअर द्यायचा आणि जागा कशी हवी ते त्यात ठरवलंय. इथली थंडी त्यांची आणि जागा मोठी, तरी जंगलाची सर नाही हे मान्य. माझं म्हणणं एवढंच की ज्यांना परत जाता येत नाही त्यांना थंड ठिकाणी, ऐसपैस ठेवा, आणि गर्दी खेचायला म्हणून नवीन पिल्लं काढू नका.

चाफा
सगळ्यांचे खूप आभार. आडोसा नव्हता, तिन्ही बाजूंनी काच होती, हे आत्ता लिहिताना जास्तच टोचतंय. झूला लिहू का? उपयोग होतो का त्याचा?

गुरांचा_डॉक्टर
लिहाच. तारीख, वेळ, तापमान, किती मिनिटं येरझारा चालू होत्या ते सगळं लिहा आणि सावली-आडोशाबद्दल काय करताय, खाणं दिवसातून किती वेळा आणि कसं देता हे थेट विचारा. उत्तर नाही आलं तर तिथल्या प्राणीकल्याण खात्याला तेच पत्र पाठवा. व्हिडिओ असेल तर जोडा, पण न कापता, सलग.