बूस्टवर फ्युएल प्रेशर पडतंय: टर्बो एस्टीम, पन्हाळ्याची चढण

एस्टीमवाला

गाडी मारुती एस्टीम एमपीएफआय, १.३ लिटर सोळा व्हॉल्व्ह. छोटा टर्बो, बूस्ट (इंजिनात जादा कोंबलेल्या हवेचा दाब) ०.५ बार. मिनिटाला ३०० सीसीचे चार इंजेक्टर, स्टँडअलोन ईसीयू (इंजिनचा वेगळा बसवलेला कॉम्प्युटर). टाकीत मूळ पंपाच्या जागी तासाला २५५ लिटरचा पंप, इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या रेल पाइपनंतर अ‍ॅडजस्टेबल रेग्युलेटर. रिटर्न पाइप आणि पंपाचं वायरिंग कंपनीचंच. रेलवर ० ते १० बारचा सेन्सर, त्याचा लॉग ईसीयूत निघतो.

व्हॅक्यूम पाइप काढून बेस प्रेशर ३ बार सेट आहे. पाइप लावला की आयडलला २.४ दिसतं. गावात काहीच त्रास नाही. वाघबीळ सोडून पन्हाळ्याकडे चढायला लागलं, तिसरा गियर, साडेचार हजारच्या पुढे पूर्ण बूस्ट, की प्रेशर २.७५ वर येतं आणि वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटर) ११.६ वरून १३.४ ला जातो. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सगळं जागेवर. टाकी पाव किंवा त्याहून कमी असताना आणि दुपारी त्रास जास्त. फिल्टर नवीन आहे.

दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे ‘३४० लिटरचा पंप टाका’ एवढंच सांगितलं. पंप घ्यायच्या आधी काय तपासू? आणि २.७५ म्हणजे बेसपेक्षा पाव बारच कमी, एवढ्यानं मिक्श्चर इतकं लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं का?

सोळा_व्हॉल्व्ह

पाव बार नाही, पाऊण बार कमी आहे. इंजेक्टरच्या एका टोकाला पेट्रोलचा दाब, दुसऱ्या टोकाला मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला. इंजेक्टरला कळतो तो या दोन्हींमधला फरक. बूस्ट ०.५ असेल तर रेलवर ३.५ दिसायला हवं. तुमच्याकडे २.७५ वजा ०.५, म्हणजे उरले २.२५.

आता हिशोब बघा. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. २.२५ भागिले ३ म्हणजे ०.७५, त्याचं वर्गमूळ ०.८६६. ११.६ ला ०.८६६ नं भागलं की १३.४. तुमचा वाइडबँड नेमकं तेच दाखवतोय. म्हणजे सेन्सर खरं बोलतोय, तो बदलत बसू नका. (एरवी आधी सेन्सरवरच संशय घ्यावा लागतो. या रेंजच्या बहुतेक सेन्सरला एका बारला ०.४ व्होल्ट मिळतात, त्याचं अर्थिंग (मायनसची जोडणी) इंजिनवर ठेवलं आणि त्यात ०.१ व्होल्टचा घोळ झाला तरी पाव बारची चूक दिसते.)

लॉगमध्ये प्रेशरची वेगळी रेघ बघायचं सोडा. ईसीयूत ‘रेल प्रेशर वजा मॅनिफोल्ड प्रेशर’ असा एक चॅनेल बनवा. मॅनिफोल्डचा आकडा वातावरणाचा दाब वजा करून घ्या, नाहीतर एका बारची चूक होईल. आयडल असो की फुल बूस्ट, ती रेघ ३.० वर आडवी हवी. वाकते तिथे दुखणं.

पंपाचं म्हणाल तर ३४० चा अजिबात नको. ३०० सीसीचे चार इंजेक्टर ८० टक्के ड्यूटीला (८० टक्के वेळ उघडे असताना) मिनिटाला ९६० मिली पितात, म्हणजे तासाला ५८ लिटर. तुमचा पंप कागदावर त्याच्या चौपट देतो. तरी कमी पडतंय याचा अर्थ पंपापर्यंत वीज पोचत नाही किंवा पंपातून निघालेलं पेट्रोल रेलपर्यंत पोचत नाही. मोठा पंप जास्त अँपिअर ओढेल, त्याच बारीक वायरवर आणखी व्होल्ट पाडेल, आणि आयडलला मूळच्या बारीक रिटर्न पाइपला झेपणार नाही एवढं पेट्रोल परत पाठवेल. मग बेस प्रेशर ३ वर खाली येणारच नाही, ते वेगळं लचांड.

आयडलला सगळं ठीक दिसतं यावर जाऊ नका. तिथे इंजिनला तासाला लिटरभर लागतं, बाकीचं रिटर्नला जातं. रेग्युलेटर फक्त जादाचं सोडतो. जादा आहे तोवर तो सगळ्यांची पापं झाकतो.

एक चाचणी जागेवर करता येते, घाटात गाडी पळवायची गरज नाही. इंजिन थंड आणि बंद. पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा, ते आपोआप बंद पडेल, प्रेशर उतरेल. रेग्युलेटरजवळचा रिटर्न पाइप काढून तिथून चांगला पाइप मोजमाप असलेल्या धातूच्या कॅनमध्ये सोडा. रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम नळीला गेज असलेला हातपंप लावून ०.५ बार हवा भरा. बॅटरीला आधीच चार्जर लावून ठेवा, ठिणगी नको म्हणून पेट्रोल उघडं असताना त्याच्या चिमट्यांना हात लावू नका. मग फ्यूज परत लावून ईसीयूतून पंप १५ सेकंद चालवा. प्रेशर ३.५ दिसलं पाहिजे. १५ सेकंदांत आलेले मिलीलिटर गुणिले २४०, भागिले हजार, म्हणजे तासाचे लिटर. निरोगी २५५ चा पंप असेल तर ६५० ते ७५० मिली यायला हरकत नाही. ३०० च्या खाली आलं तर बूस्ट मारूच नका.

हे मोकळ्या जागेत करा, सर्व्हिस पिटवर नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचते. पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा आणि बल्बचा हँडलॅम्प लांब ठेवा.

दुरुस्ती होईपर्यंत वेस्टगेटच्या (बूस्ट मर्यादित ठेवणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर, म्हणजे कमीत कमी बूस्टवर चालवा किंवा बूस्टला जाऊच नका. बूस्टवर लॅम्डा ०.९१ (तुमचं १३.४) म्हणजे पिस्टनच्या रिंग लँडशी (रिंगांमधल्या कडांशी) खेळ आहे.

उद्यमनगरकर

भावा, पंप लांबच राहू दे, आधी मल्टीमीटर काढ. त्याच चाचणीत पंप चालू असताना चार ठिकाणी व्होल्ट बघ. बॅटरीच्या टोकांवर किती, पंपाच्या कनेक्टरवर किती. मग लाल प्रोब बॅटरीच्या प्लसला आणि काळा पंपाच्या प्लसला, हा प्लस बाजूचा ड्रॉप. तसंच मायनस ते मायनस. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टाच्या आत पायजे. कनेक्टर काढून रिकाम्या वायरवर मोजलंस तर १२ च दिसणार, त्याला काय अर्थ नाय. लोड असतानाच मोजायचं.

कंपनीची वायर मूळ पंपाच्या चार-पाच अँपिअरसाठी. हा पंप साडेतीन बारला आठच्या आसपास ओढतोय. एक स्क्वेअर एमएमच्या चार मीटर वायरला आठ अँपिअरवर ०.६ व्होल्ट जातातच. आणि अर्थिंग बहुतेक वेळा सगळ्यात वंगाळ असतं, फ्लँजवरनं (टाकीवरच्या पंपाच्या झाकणावरनं) एक केसाएवढी वायर बॉडीला लावलेली असतीया, त्यावर रंग नाहीतर गंज.

उपाय सोपा हाय. बॅटरीजवळ, वीतभर अंतराच्या आत, २० अँपिअरचा फ्यूज. तिथनं ४ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर मागं. मागच्या सीटखाली ४० अँपिअरचा रिले. ३० ला नवी वायर, ८७ वरनं पंप, ८६ ला पंपाची जुनी प्लस वायर, ८५ अर्थला. जुनी वायर आता फक्त रिले ओढणार, म्हणजे इंजिन बंद पडलं की ईसीयू पंप बंद करतो ती सोय तशीच राहते. इग्निशनवरनं थेट घेऊ नको, अपघातात पंप चालूच राहील. अर्थसाठी ४ चीच वायर, बॉडीचा रंग खरवडून, बोल्ट-वॉशरनं आवळून, वर ग्रीस. टाकीच्या आत साधी वायर आन इन्सुलेशन टेप नको, पेट्रोलात आठवड्यात चिंगम होतंय. आतली वायर टेफ्लॉनच्या इन्सुलेशनची घे.

रिटर्न_लाइन

पाव टाकीला आणि दुपारी वाढतं, या खुणेकडेही बघा. चढणीला पेट्रोल टाकीच्या मागच्या बाजूला सरकतं आणि पंपाची जाळी अर्धी उघडी पडते. शिवाय रेलवरून तापलेलं पेट्रोल परत थोड्याशाच पेट्रोलात मिसळलं की टाकीच तापते, पंपाच्या तोंडाशी वाफेचे बुडबुडे होतात. वीज कमी पडली तर प्रेशर आरपीएमबरोबर वाकतं. वाफ असेल तर ते थरथरतं आणि पंपाचा आवाज चढतो. वळणावर खड्डा पडल्यासारखं खाली जाऊन परत आलं तर जाळी उघडी पडतेय. लॉग मोठा करून बघितला की हे तीन प्रकार वेगळे ओळखू येतात.

पंप बदलताना टाकीच्या आतला पंप ते फ्लँज हा वीतभर पाइप कोणता लावलाय? बोनेटखाली चालणारा जे३०आर९ पाइप बाहेरून पेट्रोलात बुडवून ठेवायला नाही. आत जे३०आर१० लागतो. चुकीचा पाइप फुगतो, मऊ होतो, क्लिपजवळ चिरतो आणि पंपाचं अर्धं पेट्रोल टाकीतच उडत राहतं. प्रेशर जितकं जास्त तितकी ती गळती जास्त, म्हणून ती बूस्टलाच जाणवते. आता पेट्रोल पंपावर ई२० मिळतं, त्यात हे लवकर होतं. इथेनॉल आपल्याच भागातल्या उसाचं असलं तरी रबर काही ओळख ठेवत नाही. जुन्या टाकीतला चिकटाही तेच सोडवतं, त्यामुळे ‘फिल्टर नवीन आहे’ यावर निर्धास्त राहू नका. फिल्टरच्या आधी आणि नंतर प्रेशर मोजा, ३.५ बारच्या फ्लोला फरक ०.२ च्या वर नको.

शिरोली एमआयडीसीत हायड्रॉलिक होज लगेच क्रिंप करून मिळतो म्हणून तोही लावू नका. त्याचं आतलं रबर तेलासाठी असतं. बाहेरच्या लाइनला टेफ्लॉन अस्तराचा घ्या.

एस्टीमवाला

हातपंपाची चाचणी केली. इंजिन बंद, ३.५ बार. बॅटरीवर १२.५, पंपावर १०.६. प्लस बाजूला ०.६, अर्थ बाजूला १.३. १५ सेकंदांत १९० मिली.

रिले, ४ एमएम वायर आणि नवा अर्थ झाला. आता पंपावर १२.१. पण फ्लो ३१० मिलीच. फिल्टरच्या दोन बाजूंत फरक ०.१. पंप डुप्लिकेट असेल का?

सोळा_व्हॉल्व्ह

१९० म्हणजे तासाला ४६ लिटर, इंजिनला लागतात ५८. प्रेशर का पडत होतं ते इथेच मिळालं. ३१० म्हणजे ७४, काम भागेल पण हा पंप याच्या दुपटीहून जास्त देतो. डुप्लिकेट असू शकतो, बाजारात भरपूर आहेत, तरी आधी ‘रिटर्न_लाइन’ म्हणतात तो आतला पाइप. तो न उघडताही अंदाज येतो. टाकी पावच्या खाली ठेवा, टोपी काढा, ३.५ बारवर पंप चालवून कान द्या. पिचकारीसारखा सततचा आवाज आला तर पाइप गेलाय. फक्त पंपाची घरघर असेल तर जाळी आणि पंप बघा.

एस्टीमवाला

पिचकारीच. फ्लँज उघडला, पाइप क्लिपच्या कडेला अंगठ्याच्या नखाएवढा चिरलाय. बोटानं दाबला तर लोण्यासारखा. क्लिप साधी, पट्टीला खाचा असलेली. जाळीही काळी झालीय. जे३०आर१० पाइप, नवी जाळी, गुळगुळीत पट्टीच्या क्लिपा टाकल्या. आता ३.५ बारला १५ सेकंदांत ७०० मिली.

उद्यमनगरकर

काटा किर्र! तो पंप फेकला असतास तर फुकटचा गेला असता. त्या खाचांच्या क्लिपाच पाइप कापत्यात.

रिटर्न_लाइन

आता रिटर्नला आधीपेक्षा बरंच जास्त पेट्रोल येणार, म्हणून बेस प्रेशर पुन्हा बघा. व्हॅक्यूम पाइप काढून आयडलला ३.० यायला हवं. रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल करूनही ३.३–३.४ च्या खाली येत नसेल तर मूळ रिटर्न पाइप अपुरा आहे. खात्री करायला रिटर्न कॅनमध्ये सोडून बघा, प्रेशर लगेच उतरलं तर ८ एमएमची नवी लाइन ओढा.

सोळा_व्हॉल्व्ह

आणि मॅप (ईसीयूतला इंजेक्टरच्या वेळेचा तक्ता) तपासल्याशिवाय बूस्ट मारू नका. आधीचं ट्यूनिंग पडलेल्या प्रेशरवर झालं असेल तर ट्यूनरनं वरच्या आरपीएमला इंजेक्टरची वेळ वाढवून ठेवलेली असणार. तेवढ्याच वेळेत आता १५ टक्के पेट्रोल जास्त जाईल, मिक्श्चर गरजेपेक्षा रिच (पेट्रोल जास्त) होईल, काळा धूर आणि प्लग ओले. साडेचार हजारच्या पुढच्या रकान्यांत उगाच उंचवटा दिसतोय का बघा. असेल तर तो शेजारच्या रकान्यांच्या ओळीत आणा आणि डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर) ०.३ बारपासून सुरुवात करा. इग्निशन टायमिंगला मात्र आत्ता हात लावू नका.

एस्टीमवाला

बेस ३.०५ आलं, स्क्रूला अजून जागा आहे. मॅपमध्ये ४५०० ते ६००० ला उंचवटा आहेच. फाइल ट्यूनरकडे पाठवतो.