ऑरेंज अलर्ट आला की तुमच्या घरी पण बेसनच आणतात का?

बर्डीवाला
आज संध्याकाळी नागपुरात गोकुळपेठ मार्केटात गेलो होतो, साधे अर्धा किलो कांदे आणायले. उद्यासाठी हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आहे, शाळांना सुटी दिली आहे, आणि मार्केटात अशी झुंबड की वाटावं परत लॉकडाउन लागून राहिलं. किराणावाला म्हणते बेसन संपलं भाऊ, सकाळपासून चार कट्टे गेले. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, मरतुकडी जुडी ४० रुपये. माझ्यापुढे रांगेत सहा जणं होते, सहाहीच्या थैलीत बेसन, आलू, कांदे, तेलाचं पाकीट. मी एकाला विचारलं, काका प्यायचं पाणी भरून ठेवलं का, टॉर्चचे सेल आहेत का? तर माझ्याकडेच असं पाहिलं जसं मी उधारी मागितली.
माझं मत सरळ आहे. याले तयारी म्हणत नाहीत, ही पिकनिक आहे. वादळाआधी पाणी भरा, फुटाणे-मुरमुरे-गूळ-दाणे डब्यात ठेवा, मोबाईल चार्ज करा आणि झोपा. भजी, खिचडी, गोळाभात हे पाऊस एन्जॉय करायचे पदार्थ आहेत, पावसातून निभावायचे नाहीत. पटत नसेल तर बोला.

थर्डफ्लोअर_त्रिमूर्तीनगर
भाऊ तुम्ही एकटे राहता का हो? नाही म्हणजे राग नका मानू, पण हे एकट्या माणसाचं गणित आहे. माझ्या घरी दोन पोट्टे आणि सासरे, शाळेला सुटी म्हटली की सकाळी नऊपासून "मम्मी काही खायला" सुरू होते, फुटाणे देऊन पाहा तुम्ही त्यांना. आणि आधी करून ठेवायचं कारण एन्जॉय नाही, लाईट आहे. लाईट गेली की मिक्सर बंद, इंडक्शन बंद, गॅस असला तरी डाळ वाटायची कशी? मी आत्ताच चण्याच्या डाळीचा भरडा काढून ठेवला, लसूण-मिरची वाटून ठेवली, कणीक मळली. मे महिन्यातल्या त्या आंधीत आमच्या लाइनीवर झाड पडलं होतं तेव्हा अख्खा दिवस लाईट नव्हती, त्यादिवशी मेणबत्तीच्या उजेडात गोळाभात केला मी. अर्धा शिजलेल्या भातावर गोळे ठेवले, झाकण, मंद आच, वरून हिंग-मोहरीच्या फोडणीचं तेल. लाईट नाही म्हणून सकाळपासून रुसून बसलेले सासरे दोनदा भात मागून जेवले. याला तुम्ही पिकनिक म्हणा.

बर्डीवाला
ताई, सासरे जेवले ते चांगलंच झालं, पण तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आहात. तुमच्यासाठी वादळ म्हणजे लाईट जाणे. तळमजल्यावाल्याला विचारा.

पेट्रीडिश
मी या विषयात शिकले आहे म्हणून बोलते, नाहीतर गप्प बसणार होते. आदल्या दिवशी ढीगभर भात शिजवून ठेवणं ही सगळ्यात वाईट आयडिया. भात शिजवला तरी बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू मरत नाहीत, भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात, आणि ते विष परत गरम करून जात नाही. लाईट गेल्यावर फ्रिजचं दार उघडलंच नाही तर चारेक तास थंडावा राहतो, पण आपल्याकडे दर दहा मिनिटांनी कोणीतरी दार उघडून नुसतं पाहते. फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या आडव्या टाकून ठेवा, त्या बर्फाने खालचा कप्पा थोडा वेळ सांभाळतो आणि वितळल्यावर पाणी पिता येते.

शिळासप्तमी
आम्ही शिळा फोडणीचा भात खाऊनच मोठे झालो ताई, काही झालं नाही.

पेट्रीडिश
ज्यांना झालं ते इथं लिहायला बसलेले नाहीत, लायनीत उभे होते डब्बा घेऊन. गंमत सोडा, रात्रीचा भात रात्रीच गार करून फ्रिजमध्ये टाकला तर माझं काही म्हणणं नाही. पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवलेल्याबद्दल बोलते आहे.

लेआउटची_काकू
बर्डीवाले भाऊ, तळमजल्यावाल्याला विचारा म्हणालात ना, मी तळमजल्यावर राहते, अंबाझरी तलावाच्या बाजूला. सांगते.
२२ सप्टेंबर २०२३, शुक्रवार. आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. सोळा भाज्या, आंबील, कढी, पातोड्या, पुरणपोळ्या, चाळीस पान उठलं. पाय नुसते दगडासारखे झाले होते. रात्री अकराला ओटा धुतला आणि उरलेल्या पुरणपोळ्या फडक्यात गुंडाळून मोठ्या स्टीलच्या डब्यात घालून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवल्या, पुराबिराचं काही मनात नव्हतं, खाली मुंग्या झाल्या होत्या म्हणून. पहाटे जाग आली ती धडधड आवाजाने. मला वाटलं चोर. फ्रिज तरंगून भिंतीला आपटत होता. पाय खाली टाकला तर गुडघ्यापर्यंत पाणी, आणि बघता बघता कंबर. तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी रस्त्यावर आली हे सगळं नंतर कळलं.
आता साठवणुकीचं ऐका. माझी २५ किलो तांदळाची चुंगडी, गव्हाची कोठी, वर्षभराचं तिखट, उन्हाळ्यात केलेल्या कुरड्या, सगळं खालच्या बाजूला. सगळं गेलं. कोठीत पाणी शिरलं की गहू फुगतो आणि तिसऱ्या दिवशी जो आंबूस वास सुटतो तो फिनाईलने सुद्धा जात नाही. सिलिंडर पाण्यावर डुलत होतं. आम्ही गच्चीवर, शेजारची दोन घरं धरून अकरा माणसं. पोरगा पाण्यातून परत आत जाऊन तो डबा घेऊन आला, मी इतकी ओरडले त्याच्यावर, मेन स्विच बंद केला होता की नाही ते पण कोणाला आठवत नव्हतं. असं कोणी करू नका.
पण दुपारपर्यंत आम्ही सगळ्यांनी खाल्लं काय तर त्याच पोळ्या. गार, बिनतुपाच्या. आमच्याकडे महालक्ष्मीचा प्रसाद घराबाहेर देत नाहीत, सासूबाईंनी उभ्या जन्मात कोणाला दिला नव्हता. त्यादिवशी त्याच उठल्या आणि शेजारच्या पोरांच्या हातावर अर्धी अर्धी ठेवली.
म्हणजे भाऊ, साठवलेलं बुडालं आणि शिजवलेलं पुरलं. तुमच्या नियमाच्या उलट झालं ना. पाण्याचं तेवढं तुमचं खरं, प्यायला अकरा जणांत दोन बाटल्या होत्या.

आकडेमोड
काकूंच्या पोस्टवर एक जोडतो. अलर्टचा रंग पाहून निर्धास्त होऊ नका. खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार. त्या रात्री विमानतळाच्या केंद्रावर पहाटे साडेपाचपर्यंत १०६ मिमी नोंदला गेला, म्हणजे कागदावर नुसता "मुसळधार". पण तो दिवसभरात वाटून पडला नाही, मध्यरात्रीनंतर काही तासांत ओतला. मोरभवन बसस्टँडच्या बसा पाण्यात उभ्या होत्या ते फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत. आणि यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे हालचाल करा, असा त्याचा अर्थ आहे.

बर्डीवाला
बरोबर, तयार राहा. तळा असं कुठं लिहिलं आहे?

मूळची_दापोलीची
लग्न होऊन नागपूरला आले, त्यामुळे दोन्हीकडचं पाहिलंय. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागलं तेव्हा मी माहेरी होते. तिथे निदान दोन दिवस आधी सगळ्यांना माहीत होतं. आईने काय केलं, तर तांदळाची भाकरी थापली, सुकटीची चटणी केली, विहिरीचं पाणी हंडे-कळशा भरून घेतलं आणि पत्र्याखालचं सगळं सामान मधल्या खोलीत ओढलं. त्यानंतर वीज कितीतरी दिवस नव्हती, पंप बंद, मोबाईल बंद. पहिल्या दिवशी भाकरी कामाला आली, पुढचे सगळे दिवस मात्र डाळतांदूळ आणि चूल. म्हणून मला तुमचं हे शिजवलेलं की साठवलेलं भांडणच कळत नाही. शिजवलेलं एका दिवसाचं, साठा नंतरचा. तुमच्याकडे पाऊस एका रात्रीत येतो आणि उतरतो, म्हणून तुम्हाला पहिल्या दिवसाचंच दिसतं.

सिव्हिललाइन्स_७७
या सगळ्याला कारण तलावाचं नियोजन आणि तो ओव्हरफ्लोचा पॉइंट आहे, त्यावर कोणी बोलत नाही, बेसनावर बोलून राहिले.

थर्डफ्लोअर_त्रिमूर्तीनगर
दादा त्याच्यावर वेगळा धागा काढा, मी स्वतः येते भांडायला. आज रात्री तलाव दुरुस्त होणार नाही, भरडा मात्र भिजवलेला आहे.

नाल्याकाठचा
एक गोष्ट सांगू का. आमच्या वस्तीत साठवायला पैसा पण नाही आणि फळी पण नाही. रोजचं रोज आणतो, पाव किलो तेल, एक किलो पीठ. पावसाची सुटी म्हणजे त्यादिवशीची मजुरी गेली, मंग भजे कायचे अन् फुटाणे कायचे. तुमच्या अशा गर्दीनं आलूचा भाव चढला की आमच्याच ताटात कमी पडते. माझी माय अशा दिवशी एकच करते, ज्वारीच्या कण्या शिजवते मिठात, पातळ, त्यात लसणाचं तिखट. ते गरम पोटात गेलं की झोप लागते. त्याले कम्फर्ट फूड म्हणत असतील तर म्हणा.

शिळासप्तमी
कण्या! ताकात भिजवून सकाळी खायच्या राहिलेल्या. कितीक वर्षं झाली खाल्ल्या नाही.

बर्डीवाला
भाऊ तुमचं सोळा आणे खरं. भाव चढवणाऱ्या गर्दीवर माझा पहिल्यापासून तोच राग आहे, पण मी तो नीट मांडला नाही, बेसनावर घसरलो. काकू, तुमच्या पोळ्यांपुढे मी काय बोलू. तरी एक म्हणतो, त्या पोळ्या तुम्ही पुरासाठी केल्या नव्हत्या, त्या मुंग्यांमुळे वाचल्या. वर होत्या म्हणून. तिथं तांदळाची चुंगडी असती तर ती पण वाचली असती. (मान्य, कच्चे तांदूळ गच्चीवर कोणी चावले नसते.)

पेट्रीडिश
आणि पुरण कोरडं आटवलेलं, गोड असतं म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निघालं. त्या डब्यात कढीभात असता तर अकरा माणसं गच्चीवर अजून एका कारणाने हैराण झाली असती.

लेआउटची_काकू
इश्श. पण खरं आहे. आता आमच्याकडे पावसाळाभर गहू वरच्या खोलीत असतात, रोज चढउतर करून गुडघे गेले माझे. खाली फक्त आठवड्याचं. आज रात्री धपाटे करते आहे, कोरडे, ज्वारीचे, मेथी घालून. डबा वर. आणि पाण्याच्या दहा बाटल्या पण वर, तुमच्या नावाने. कोणाला पाणी भरायचं असेल तर आत्ताच भरा, लाईट गेली की बोअरची मोटर चालत नाही, आणि पुराच्या पाण्यानंतर नळाचं काही दिवस उकळूनच प्या, गढूळ दिसलं नाही तरी.

तर्रीपोहे_ठेला
मी सगळं वाचून राहिलो अन् हसून राहिलो. तुम्ही घरी काय करायचं ते ठरवा, माझा सवाल आणखीनच येगळा. मले रोज रात्री दहाले चणे भिजवा लागते, तीन किलो, तवा कुठं सकाळी पोह्यावरची तर्री होते. उद्या पाऊस आला तर गिऱ्हाईक येत नाही, चणे वाया. अन् उलटं झालं, आभाळ उघडलं, तर सुटीच्या दिवशी एवढी गर्दी होते की पाच किलो पुरत नाही. मागच्या अलर्टले मी भिवून काहीच भिजवलं नाही, अन् सकाळी कडक ऊन. पोट्टे ठेल्यापाशी येऊन परत गेले. आता दहा वाजाले वीस मिनिटं आहेत, सांगा कोणी.

आकडेमोड
दीड किलो भिजव. जास्तीचे उरले तर मोड आण, उसळ होते.

थर्डफ्लोअर_त्रिमूर्तीनगर
दादा दोन किलो भिजवा, पाऊस असला तरी माझे दोन पोट्टे आणि सासरे धरून चार प्लेट पक्के, छत्री घेऊन येते.

बर्डीवाला
माझी पण एक. तर्री जास्त.

तर्रीपोहे_ठेला
दोन किलो टाकले. लाईट आत्ताच गेली आमच्याकडं, बॅटरीच्या उजेडात टाकले. कांदा सकाळी कापतो.