मागच्या भिंतीची निर्गुडी

बी-१०२ : भिंतीलगतचं ते झुडूप उद्या माळी मुळासकट काढायलाय. पानं गांजासारखी दिसतात म्हणून तक्रार आलीय.

ए-३०४ काकू : गांजा नाही ओ, निर्गुडी आहे. एका देठाला तीन नाहीतर पाच पानं, खालून पांढुरकी, चोळली की उग्र वास. गांजाच्या पानाला करवतीसारखे ठळक दाते असतात. काढू देऊ नका दादा.

सी-२०१ : तुळस-पुदिन्याच्या कुळातली. सागपण त्याच कुळातला.

बी-१०२ : गुडघ्याचं तेल करतात ती हीच का? कसं करायचं काकू?

ए-३०४ काकू : हीच. १ किलो ताजी पानं ठेचून ४ लिटर पाण्यात मंद आचेवर १ लिटर उरेपर्यंत उकळा, झाकण नको. नुसतं वाटून रस काढायला गेलात तर हाती फार येत नाही, पान कोरडं असतं. गाळलेल्या काढ्यात पाव लिटर तिळाचं तेल आणि ४० ग्रॅम वाटलेली पानं घालून जाड बुडाच्या भांड्यात आटवा. चोथा तळाला धरतो, हलवत राहा. पाणी संपत आलं की तेलावर फेस येतो. तेव्हा चोथा जरा निववून बोटांनी वळा. वात वळली पाहिजे आणि विस्तवावर धरल्यावर तडतडली नाही पाहिजे. तडतडली म्हणजे आत पाणी आहे. असं तेल गाळून ठेवलं की खवट होतं. चोथा काळा, कडक झाला तर तेल जळालं, ते वापरू नका. गरम असतानाच गाळा, बाटली पूर्ण कोरडी पाहिजे.

डी-४०२ : एवढं नको असेल तर पानाला एरंडेल लावा, तव्यावर गरम करा, सोसेल तसं गुडघ्यावर बांधा.

सी-२०१ : जखमेवर बांधायचं नाही. गुडघा लाल होऊन ताप आला असेल तर शेक बंद, आधी डॉक्टर. आणि वैद्याला विचारल्याशिवाय पोटात काही घेऊ नका, गरोदर बायांनी तर नाहीच.

डी-४०२ : कीड लागू नये म्हणून साठवणीच्या ज्वारीत पाला घालायचा तर सावलीत कडकडीत वाळवून. ओलसर राहिला तर किडीआधी बुरशीच लागते. शेतावर पिकाच्या किडीसाठी दहा झाडांच्या पाल्याचा दशपर्णी अर्क करतात, तसल्या २०० लिटर अर्कालाही निर्गुडीचा २ किलो पाला लागतो.

बी-१०२ : मग माळ्याला काय सांगू?

ए-३०४ काकू : गुडघाभर ठेवून छाट म्हणा, परत फुटते. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या वेगळ्या काढा, पावसाळ्यात गेटाकडच्या कुंपणाला लावू. शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. पाला कचऱ्यात नका टाकू, गच्चीच्या जिन्यात पसरा.